घरचा माणूस

"खांड पडली रं! खांड पडली!"

हाळी आली तेव्हा नाथा जेवत होता. भाद्रपदातल्या अमावस्येचं उधाण, भर दुपारची भरती. खाडी बांधाला भगदाड पाडून भातात शिरत होती. खरकट्या हातानेच फावडं उचलून तो धावला.

पेणच्या खारपट्टीतला रिवाज जुना. बांध फुटला की घरटी एक माणूस येणारच, मग त्याचं शेत असो वा नसो.

पंधरा-वीस जण जमले. पुंडलिक नव्हता. त्याचं नि नाथाचं शेत शेजारी. पोरवयापासून दोघांनी याच बांधावर माती वाहिलेली. मग कंपनीचा रस्ता आला. मोजणीचे खुंटे पुंडलिकच्या शेतातून गेले आणि नाथाच्या शेतापाशी येऊन मेले वळले! भरपाईच्या पैशातून ब्याण्णव साली पुंडलिकचं स्लॅबचं घर झालं, रामवाडीला दुकान, दाराशी राजदूत फटफटी. नाथाच्या पोटात तेव्हापासून दुखत होतं. याला एकदा पुन्हा ढोपरभर चिखलात बघायचं, एवढीच त्याची इच्छा उरली होती.

रस्त्यावर टेम्पो थांबला. चार धट्टेकट्टे गडी उतरले.

"पुंडलिकशेटनी पाठवलंय. मजुरी तेच देनार."

"शेट?" नाथा कडाडला. "बांधाला घरचा मानूस लागतो. भाड्याचा नाय चालत. जावा मागं!"

"नाथा, आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन करतोस काय?" म्हातारे हैबतराव ओरडले. "पानी थांबनार हाय तुझ्यासाठी?"

"नाय म्हंजे नाय!"

खांड नाथाच्याच शेताच्या तोंडाशी होती, म्हणून शब्द त्याचा. गडी परत गेले. नाथाला घटकाभर फार बरं वाटलं. पण हातभर खांड बघता बघता बैलगाडी जाईल एवढी रुंद झाली आणि लोंबीला आलेल्या भातावर खारं पाणी पसरलं. आता तीन वर्षं तिथे भात धरणार नव्हता. नाथाची बायको जनी बांधावर मटकन बसली.

तेवढ्यात राजदूत वाजली. पुंडलिक धावतच आला.

"गडी का रं धाडलेस मागं? मी दुकानात होतो, म्हून त्यांना पुढं पाठवलं. मी येतच होतो ना!"

उत्तराची वाट न बघता तो पांढऱ्या लेंग्यासकट मांडीभर चिखलात उतरला. मातीचा गोळा पोटाशी धरून, पूर्वीसारखाच, त्याने पुढे केला.

"घे, नाथा."

नाथाने गोळा घेतला. मान मात्र त्याला वर करवेना.