मुकी पट्टी

चौथा स्क्रू बशीत पडला, थोडा गरगरला आणि तिसऱ्याला टेकून निजला. बशी निळ्या काठाची, जिचा कप केव्हाच फुटलाय अशी... घड्याळजीनं ‘काहीतरी खोलगट द्या, बाई’ म्हटल्यावर तिच्या हाताला तीच लागली होती. आता ती त्या बशीकडेच बघत उभी होती, कारण पायपेटीकडे बघवत नव्हतं. पट्ट्यांपुढची फळी निघाली होती आणि आतलं लाकूड दिसत होतं, फिकट, ऊन न लागलेल्या अंगासारखं.

‘चार वर्षं मुकी आहे म्हणता ही पट्टी?’ घड्याळजी म्हणाला. गावात पेटी दुरुस्त करणारं कुणी नव्हतं, आणि उद्याच्या उपासनेला मिशनचे मोठे साहेब येणार, म्हणून पाळकांनी सकाळी सकाळी यालाच धरून आणलं होतं. ‘मग इतके दिवस थांबलात कशाला?’

‘नवा सूर, म्हणजे आतली पितळी पात, मायदेशाहून मागवायला लागेल, असं वाटलं होतं.’

वाटलं नव्हतं. पाळक, म्हणजे तिचे यजमान, दोनदा मायदेशी पत्र लिहायला बसले होते, आणि दोन्ही वेळा ‘तुम्हाला दवाखान्याचं काय कमी काम आहे, मी लिहिते’ म्हणून तिनं कागद काढून घेतला होता. लिहिलं कुणी? बोटीनं येणाऱ्या खोक्यांतून साबण आले, लोकरीचे मोजे आले, बिस्किटांचा भुगा आला. सूर कुठून येणार? पाळकाच्या बायकोनं खोटं बोलू नये, हे तिला कुणी शिकवायला नको होतं, रविवारच्या शाळेत तीच ते पोरांना शिकवायची... पण ही पट्टी तिला दुरुस्त व्हायला नको होती. ह्या पट्टीखाली खार होती.

खार म्हणजे धाकटी. जिथं फट दिसेल तिथं काहीतरी लपवायची म्हणून घरात पडलेलं नाव. भिंतीच्या चिरेत बटणं, कुलपात खडूचे तुकडे, बाबांच्या बुटात पाव. एकदा पाळक प्रवचनाला उभे राहिले आणि चष्म्याच्या घरातून चष्म्याऐवजी कलिंगडाच्या बिया निघाल्या. मग त्यांनी लिहून आणलेलं सोडून मनाचंच काहीतरी सांगितलं, आणि मंडळी म्हणाली, आजच्यासारखं प्रवचन कधी झालं नव्हतं. तिचा मोठा भाऊ हसता हसता बाकावरून खाली पडला होता. मोठा आता दोन दिवसांच्या वाटेवर, वसतिगृहात. त्याच्या पत्रांत हवा असते, गुण असतात. बहीण नसते. आम्हीही लिहीत नाही. आमच्या घरात सगळ्यांसाठी प्रार्थना होते, दवाखान्यातल्या म्हाताऱ्याच्या गुडघ्यासाठीसुद्धा होते, फक्त त्या एका नावापाशी आलो की दोघंही घाईघाईनं आमेन म्हणतो.

त्या दिवशी खार पेटीसमोर बसलेली, मुठीत बिया, आणि मधली एक पट्टी दाबली तर दबेना. दुसऱ्या दिवशी उपासना. ‘काय टाकलंस?’ ‘काही नाही.’ ‘खरं सांग.’ ‘आई, मी नाही टाकलं.’ हातावर चापटी. चापटीचं काय एवढं, चापट्या कुणाला बसत नाहीत... पण आई तिथं थांबली नाही. पाळकाच्या घरात खोटं? तिनं खारीला खाटेजवळ गुडघ्यावर बसवलं, आणि ‘प्रभू, मी बी टाकली, मला क्षमा कर’ एवढं तोंडातून निघेपर्यंत उठू दिलं नाही. बराच वेळ लागला. मग निघालं, अगदी हळू. चौथ्या दिवशी ताप चढला. अकराव्या दिवशी प्रार्थनाघरामागच्या कुंपणाशी पाळकांनी स्वतः माती लोटली, आणि सहा वर्षांच्या मुलीला किती थोडी माती लागते, ते तिनं पाहिलं.

नंतर सगळं आवरलं. फ्रॉक वाटून टाकले, चिरांमधली बटणं एकेक करून काढली. राहिली फक्त ती बी. खारीनं लपवलेली शेवटची वस्तू. उन्हाळ्यात पट्टी केसभर हलायची, तेव्हा तिला वाटायचं, आत बी कूस बदलते आहे. भर दुपारी, सगळं घर निजलेलं असताना, ती त्या पट्टीवर नुसतं बोट ठेवून बसायची. बरं वाटायचं.

‘बाई, जरा उजेड.’

तिनं पडदा सारला. घड्याळजीनं पट्टी सैल केली, मग हळूच उचलली, आणि तिचा तळहात आपोआप पुढे झाला — बी त्याच्या चिमट्यात जायच्या आधी आपल्याकडे यावी म्हणून. त्यानं फुंकर मारली. डोळ्याला भिंग लावलं. खाली वाकला.

‘काही नाही,’ तो म्हणाला.

‘नीट बघा. बी असेल. कलिंगडाची.’

‘बी कुठली? दमट हवेनं लाकूड फुगलंय, आणि ही खालची पिन गंजून त्यात रुतलीय. कानशीचे चार हात मारले की झालं.’ तो हसला. ‘डोंगर पोखरला बाई, आणि उंदीरसुद्धा निघाला नाही!’

तिचा तळहात तसाच पुढे होता, रिकामा.

कानस चालू झाली. खर्र, खर्र... आई, मी नाही टाकलं. म्हणजे ती खरं बोलत होती. लपवाछपवी करायची, पण विचारलं की लगेच हसून कबूल व्हायची. नेहमी. हे मला तेव्हा आठवायला काय झालं होतं? साप साप म्हणून मी भुई धोपटली, आणि ती भुई म्हणजे माझी पोर. सगळ्या आयुष्यात ती एकदाच खोटं बोलली, आणि ते मी तिच्याकडून बोलवून घेतलं. गुडघ्यावर बसवून. देवासमोर. देवाची क्षमा कशी मागायची, ते मला तोंडपाठ होतं. सहा वर्षांच्या मुलीची कशी मागायची?

दुपारी पाळक दवाखान्यातून आले, पट्टी दाबून बघितली. ‘एवढंच होतं? सुंठीवाचून खोकला गेला की!’

‘अहो...’

‘काय गं?’

त्यांच्या बाहीला औषधाचा डाग होता, आणि चेहरा इतका खूश, की तिनं म्हटलं, ‘काही नाही. हात धुऊन घ्या, वाढते.’

संध्याकाळी मंडळी सरावाला जमली. खार गेल्यापासून ती गात नव्हती, नुसती वाजवायची. आणि पाळकांचा गळा म्हणजे फुटका डबा. त्यामुळे उद्या म्हणायचं ते या चार वर्षांतलं गीत सगळे पेटीवरूनच शिकले होते, आणि ती पट्टी जिथं मुकी तिथं सगळे गप्प राहायलाही शिकले होते. गीत तसंच आहे, अशी त्यांची समजूत. धोबीणमावशीनं तर कारणही शोधून काढलं होतं. नव्या पोरींना ती सांगायची, ‘इथं आपण बोलायचं नाही गं. ज्याला बोलायचंय त्याला बोलू द्यायचं.’

पहिल्या ओळीत ती जागा आली. चाळीस माणसं थांबली. तिचं बोट सवयीनं पट्टीवर पडलं, आणि त्या गप्प खोलीत एक बारीक, स्वच्छ सूर एकटाच उमटला.

माना वळल्या. कुणीतरी फिस्सकन हसलं. तिचे हात मांडीवर आले.

‘चुकलं का आमचं, बाई?’ धोबीणमावशीनं विचारलं.

‘नाही. तुमचं नाही चुकलं.’ तिनं पाय पुन्हा भात्यावर ठेवले. ‘पुन्हा घेऊ. त्या जागी असेच गप्प राहा.’

पुन्हा ती जागा आली. सगळे थांबले, मागच्या बाकावर पाळकसुद्धा थांबले. तिनं पट्टी दाबली. ऐकतेय, ती मनात म्हणाली, बोल... तू नाही टाकलंस. नाहीच टाकलंस. पाय भाता मारत होते, सूर चालूच होता, मंडळी तिच्याकडे बघत होती. पुढची ओळ तिला आठवत होती, पण बोट उचलवत नव्हतं.