चार टक्के बेट

बाबांच्या लाळेतला डीएनए आमच्या प्रयोगशाळेत जगभरच्या नमुन्यांशी ताडून पाहिला, तर ते वंशाने चार टक्के कुठल्याशा बेटावरचे निघाले. जन्म शिलाई मशीनपुढे काढलेले, पाण्याला बिचकणारे बाबा सदुसष्टाव्या वर्षी पोहण्याच्या तलावात उतरले. “रक्तातच आहे,” असं आईला दिवसातून तीनदा ऐकवू लागले.

वर्षभराने तुलनेचे नमुने वाढले, अंदाज सुधारला आणि बाबांचं बेट शून्यावर आलं. आता बाबा पोहणं सोडणार, या धास्तीने मी चाचरतच सांगितलं.

ओला टॉवेल खांद्यावर घेऊन बाबा विचारात पडले. “म्हणजे यात पूर्वजांचा काडीचाही हात नाही? सगळं माझंच?”

“शंभर टक्के तुमचंच,” आई म्हणाली. “टॉवेलसुद्धा. तो आत्ताच वाळत घाला, सकाळी पुन्हा लागेल.”