खिडकीपाशी रचलेल्या ढेपा

कोल्हारच्या सहादेव मुकादमाची लेक चांगुणा विमानात हवाई सुंदरी म्हणून लागली, तेव्हा गावानं बरेच दिवस नाकं मुरडली. एकाहत्तर सालच्या फेब्रुवारीत सहादेव ज्या साखर कारखान्यात मुकादम होता त्याचे चेअरमन आप्पासाहेब यांनी कारखान्याच्या मंडळींना दिल्लीला न्यायला भाड्यानं डाकोटा विमान मागवलं, आणि त्यावर नेमकी चांगुणाच निघाली. सहादेव धुवट फेटा बांधून नगरजवळच्या धावपट्टीवर हजर झाला.

माणसं चढण्याआधी चांगुणानं विमान नीट तपासलं. आग विझवायची नळकांडी जागेवर होती, खुर्च्यांचे पट्टे धड होते. पंखावर उघडणाऱ्या संकटकाळच्या खिडकीपाशी मात्र ती थबकली. तिथं चेअरमनच्या माणसांनी गुळाच्या ढेपा छातीपर्यंत रचल्या होत्या.

"ह्या खाली काढा," ती म्हणाली. "आग लागली तर माणसं इथूनच बाहेर पडतात."

आप्पासाहेब शिडी चढून दारात आले होते. "पोरी, गूळ हाय तो, दारूगोळा न्हाई. दिल्लीत वाटायचाय."

"मागं सामानाच्या जागेत ठेवा."

"तिथं जागा न्हाई."

"मग नगरलाच राहू द्या."

खाली हार घेऊन उभी असलेली माणसं माना वर करून बघू लागली. वैमानिकानं पुढून डोकावून सांगितलं, उशीर होतोय, चालवून घे. नोकरी गेली तर गावात कोणत्या तोंडानं जायचं, हे चांगुणाच्या मनात येऊन गेलं.

"उड्डाणाआधी केबिन तयार आहे असं मी सांगावं लागतं; ते मी म्हणणार नाही, कॅप्टन. तरी उडवायचं असेल तर मला इथंच उतरवून जा."

आप्पासाहेब लालबुंद झाले. "सहादेव, वर ये. समजाव तुझ्या लेकीला. माझ्या कारखान्याची भाकर खाऊन वाढलीय ती."

सहादेव वर आला. "चांगुणा, त्या खिडकीतनं खरंच मानूस भाईर पडतो?"

"व्हय आबा. वाट मोकळी असली तर."

त्यानं पायताण दारात काढलं, आत जाऊन एक ढेप खांद्यावर घेतली. "सरा जरा, आप्पासाहेब," म्हणाला आणि शिडी उतरला. दुसरं कुणी हात लावायला धजलं नाही. सगळ्या खेपा त्यानं एकट्यानं घातल्या. मग चांगुणानं खिडकीची मूठ चाचपून पाहिली आणि मंडळींना आत घेतलं. दिल्लीपर्यंत आप्पासाहेबांनी तिच्या हातचं पाणी घेतलं नाही.

तक्रार गेलीच. कंपनीनं तिला महिनाभर घरी बसवलं आणि कारखान्यानं सहादेवची मुकादमी काढून घेतली. ती गावी आली तेव्हा तो प्रवरेकाठच्या रानात उसाला पाणी देत दारं धरत होता.

"आबा, माझ्यापायी तुमची मुकादमी गेली."

"तुझ्यापायी कशापायी? म्या माझ्या हातानं घालवली." त्यानं फावड्यानं पाणी पुढच्या सरीत वळवलं आणि तो बांधावर टेकला. "काल चेअरमनची जीप गेली रस्त्यानं. समदे उठून उभं ऱ्हायले. म्या बसूनच ऱ्हायलो."

चांगुणा हसली. पदर खोचून ती बांधावर त्याच्या शेजारी बसली.