फळ्याची खालची ओळ

मित्रांनो, मी एक जुना लाकडी फळा. इस्लामपूरजवळच्या एका गावात, हरिबा शिंप्याच्या दुकानाबाहेर मी टांगलेला असे. दर पंधरवड्याला हरिबा कोळशाची पूड पाल्याच्या रसात घोटून मला माखायचा. मग खडू असा उमटायचा, की वाटेवरून जाणाऱ्यालाही वाचता यावं.

सकाळी रेडिओवरची बातमी तो माझ्यावर लिहायचा आणि खालची ओळ मोकळी ठेवायचा. ती ओळ अंजनाची, त्याच्या बायकोची. ती आत भाकरी थापत बातमी ऐकायची आणि तिथूनच एखादी म्हण सांगायची. सन बहात्तरच्या दुष्काळात बातमी आली, कालव्याचं पाणी लवकरच येणार. अंजना म्हणाली, "लिवा, कोपराला गूळ." कोपर कधी तोंडाला लागतं का? गाव पोट धरून हसलं. पुढं नानासो सरपंचसुद्धा रोज विचारायचे, "हरिबा, वयनींनी आज काय वाढलंय रं?"

पंचाहत्तर साल आलं, आणीबाणी लागली आणि माणसं हळू आवाजात बोलू लागली. बातम्या नुसत्या कौतुकाच्या. एके सकाळी अंजना म्हणाली, "लिवा, कुंपणच शेत खातंय, दाद मागायची कुनाकडं?"

नानासोंनी वाचलं. ते हसले नाहीत. "पूस रं. दिवस बरं न्हाईत."

अंजना आतूनच म्हणाली, "जुनी म्हण हाय, नानासो. मी कुठं कुनाचं नाव घेतलंय?"

दुपारी पोलिसांची जीप आली. साहेबांनी विचारलं, "हे कुणाच्या डोक्यातलं?" अंजना दारात उभी होती, हाताला पीठ तसंच. तिनं तोंड उघडलं, तोच हरिबा म्हणाला, "माज्याच." आणि तिच्याकडं न बघता जीपमध्ये बसला.

जीप वळल्यावर अंजनानं पदरानं मला पुसलं. अक्षरं केव्हाच गेली होती, तरी ती पुसत राहिली.

सत्त्याहत्तरच्या उन्हाळ्यात हरिबा सुटून आला, वाळलेला, पण हसरा. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं मला माखलं, बातमी लिहिली आणि आत हाक दिली, "आगं, म्हण सांग की."

आत भाकरी थापल्याचा आवाज थांबला.

"मला न्हाई आठवत. समदं झ्याक हाय म्हना."

त्यानं तसं लिहिलं नाही. ओळ मोकळी ठेवली. रोज ठेवायचा, रोज हाक द्यायचा. जाणारे-येणारे आधी ती रिकामी जागा बघायचे, मग बातमी. पुढं एका दिवाळीत त्यानं हाक देणंच सोडलं आणि मला माखणंही.

आता मी गोठ्याच्या भिंतीला टेकून आहे. लाकडाला भेगा पडल्यात, खडू उमटत नाही. मित्रांनो, तुमच्या शाळेतला फळा नीट माखत जा. त्यावर मोठ्या माणसांच्या बातम्या खुशाल लिहा, पण खालची ओळ मोकळी ठेवा. आणि घरात भाकरी थापता थापता कुणी काही बोललं, तर ते बोलणं ऐका. एकदा गप्प झालेल्या माणसाला पुन्हा बोलतं करणं लय अवघड असतं.