भोपळ्याचा विमा

भोपळ्या आमचा कुत्रा. नावासारखाच गोल, आणि दिवसभर आमच्या शिलाईच्या दुकानात सासऱ्यांच्या मशीनच्या पायडलवर मान टाकून झोपलेला. ते पायडल कुणी हलवत नव्हतं म्हणून त्याचं फावलं होतं. सासूबाई गेल्या आणि सासऱ्यांनी मशीनवर खोळ घातली ती घातलीच. शेजारी खुर्ची टाकून बसायचे. आमच्याशी हो-नाहीपुरतं बोलायचे, बाकी सगळं भोपळ्याशी.

कुत्र्याचाही विमा निघतो, हे खूळ नवऱ्याच्या डोक्यात भरवलं कोटाच्या बाह्या आखूड करायला आलेल्या विमावाल्या बाईंनी. हप्ता ऐकून मी गळ्यातली टेप काढून टेबलावर ठेवली. ज्या कुत्र्याला साधी शिंक आलेली मला आठवत नाही, त्याच्यासाठी दुकानाच्या भाड्याएवढे पैसे? नवऱ्याचं म्हणणं, उद्या ऑपरेशन निघालं तर कुठून आणणार? मी म्हटलं, निघाल्यावर बघू. तेव्हा तो खालच्या आवाजात म्हणाला, "अगं, भोपळ्याला काही झालं तर बाबांचं काय होईल?"

तोही गेला तर सासरे बोलायचेच थांबतील, याची मलाही धास्ती होती.

तरी न पारखता पैसे टाकणं माझ्या स्वभावात नाही. आमच्याकडे नवं सुती कापड आलं की आधी पाण्यातून काढायचं, वाळवायचं, मगच कात्री लावायची. आटायचं ते आधीच आटू दे, शिवल्यावर गिऱ्हाइकाच्या अंगावर नको. मी म्हटलं, कुत्राही आधी नीट तपासून घेऊ. ठणठणीत असला तर विमा कशाला, आणि काही निघालंच तर लगेच काढू. नवराही याच धंद्यातला, त्याला लगेच पटलं.

डॉक्टरीणबाईंनी भोपळ्याच्या छातीला नळी लावली ती बराच वेळ काढेनात. मग फोटो काढले. हृदयाची झडप गळत होती. वेळेवर कळलं, म्हणाल्या, रोज गोळ्या दिल्या तर अजून काही वर्षं आरामात काढेल.

तो कागद घेऊन आम्ही तडक विमावाल्या बाईंकडे गेलो. त्यांनी तो दोनदा वाचला आणि कपाळाला हात लावला. निघालेल्या दुखण्याचा विमा नसतो, हे त्यांनी आम्हाला लहान मुलांना सांगावं तसं सांगितलं. हृदय सोडून बाकी कशाचाही काढा, म्हणाल्या.

दुकानात परत आल्यावर नवरा माझ्यावर घसरला. आधी विमा काढला असता तर गोळ्यांचं ओझं डोक्यावर आलं नसतं, आपल्याच पायावर धोंडा मारून घेतला. मीही ऐकून घेणारी नाही. मग डॉक्टरीणबाईंकडे पट्टा धरून मुकाट का उभा होतास, म्हणून विचारलं. आवाज चढले तसा भोपळ्या उठून बसला.

"तिला बोलू नकोस," सासरे म्हणाले. "कापड आधी पाण्यातून काढायचं, हे तिला मीच शिकवलंय."

किती दिवसांनी त्यांच्या तोंडून आमच्यासाठी अख्खं वाक्य निघालं होतं. गोळ्या किती दिवस द्यायच्या, त्यांनी मला विचारलं. आता कायमच्याच, मी सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मी दुकानात आले तेव्हा मशीनवरची खोळ काढलेली होती आणि सासरे तेल घालत होते. भोपळ्या जागा गेल्यामुळे रुसून कात्रणांच्या ढिगावर बसला होता.

"आखूड-लांब करायची कामं माझ्याकडे टाक," ते म्हणाले. "गोळ्यांचं मी बघतो."

विमा आम्ही काढलाच नाही. आधी काढायला हवा होता, असं नवरा अजून म्हणतो, आणि हिशेबाने त्याचं बरोबरही असेल. पण मी आजही कापड पाण्यातून काढूनच बेतते.

खोळ निघाली त्या दिवशी दुपारपर्यंत दोन्ही मशीनं चालू होती. भोपळ्या सासऱ्यांच्या मोकळ्या पायावर येऊन झोपला होता. मध्येच त्यांनी मान वळवून माझ्या हातातली पँट पाहिली.

"सूनबाई, टाका फार लांब पडतोय तुझा."

कुणी माझ्या कामाला नावं ठेवलेली मला खपत नाहीत. पण इतकं बरं वाटलं, की मी ती अख्खी शिवण उसवली आणि पुन्हा घातली.