कोपऱ्यातली ओळ

गव्हाचा संकर करायचा म्हणजे आधी कापाकापी. गव्हाच्या फुलात नर आणि मादी एकाच घरात नांदतात, बाहेरच्याची त्यांना गरजच पडत नाही. म्हणून ओंबी कोवळी असतानाच चिमटा घ्यायचा, एकेक फूल फाकवायचं आणि आतले पुंकेसर उपटून टाकायचे. मग ओंबीच्या डोक्यावर कागदी पिशवी घालायची आणि फूल तयार झालं की दुसऱ्या वाणाचा पराग त्यावर झटकायचा. संशोधन केंद्रातल्या गहूबाईचा हात या कामात इतका बसला होता, की लोक एकमेकांना बजावायचे, बाबांनो, हिच्याशी वाकड्यात शिरू नका, चिमटा कायम खिशात असतो हिच्या.

बरं, एवढ्या खटाटोपाने जन्माला घातलेली रोपं वाढवायची कशाला, तर मारायला! तिचं शेत होतं छपराखालचं. पावसाचा थेंब पडला रे पडला की रुळांवरचं छप्पर सरकत यायचं आणि पिकावर बसायचं. पेरणीच्या वेळी दिलं तेवढंच पाणी, पुढे तहान. रोज सकाळी विळा घेऊन ती ओळींमधून फिरायची आणि ज्या ओळीने मान टाकली ती बुडापासून कापायची. दया येऊन कुणी तांब्याभर पाणी ओतलं असतं तर तिने त्याचा गळाच धरला असता. रोप दयेवर जगलं की स्वतःच्या मुळांवर, हे मग कळणार कसं?

आठ वर्षं रक्ताचं पाणी केल्यावर तिला एक ओळ सापडली होती. आई साधा गहू, बाप माळावरचं रानटी गवत. गवताची खोल जाणारी मुळं गव्हात उतरवायची हा तिचा ध्यास होता, आणि गेल्या वर्षी सगळं शेत करपलं तेव्हा कोपऱ्यातली ही एकच ओळ हिरवीगार उभी राहिली. गहूबाई बांधावर बसून ढसाढसा रडली. त्या ओळीचं नाव तिने ‘हट्टी’ ठेवलं.

आता कोणती ओळ कुठे पेरायची हे दरवर्षी चिठ्ठ्या टाकून ठरवायचं असतं, कारण जमीन सगळीकडे सारखी नसते आणि गुण ओळीचा की जागेचा हे एरवी कळत नाही. यंदा हट्टीची चिठ्ठी शेताच्या मधोमध निघाली. बियाणं मूठभर, ते भलतीकडे वाया गेलं तर? बाईने इकडे तिकडे पाहिलं, चिठ्ठी परत डब्यात टाकली आणि हट्टी पुन्हा त्याच कोपऱ्यात पेरली. लकी जागा म्हणे! इतकी शिकलेली बाई, पण माया आली की शहाणपण असं गुंडाळून ठेवलं जातं.

यंदाही हट्टी हिरवीच राहिली. आणि नेमक्या त्याच दिवसांत खालच्या वस्तीचे नळ कोरडे पडले.

तिचा धाकटा भाऊ पाणीखात्यात प्लंबर होता आणि राहायलाही खालच्या वस्तीतच होता. हसरा, बडबड्या, ताईवर जीव टाकणारा. टाकीतून सुटलेलं पाणी वस्तीत पोचत नव्हतं, वाटेत कुठेतरी जमिनीखाली पाइप फुटला होता आणि तो शोधायचं काम त्याच्याकडे आलं. जमिनीखालची गळती शोधायला त्याच्याकडे एक लोखंडी गज होता. गजाचं एक टोक मातीत रोवायचं, दुसऱ्याला कान लावायचा. रस्ताभर असा कान लावत लावत तो थेट ताईच्या छपराखाली आला आणि हट्टीच्या बुडाशी थांबला.

“ताई, इथेच आहे गं. ऐक.”

तिने गजाला कान लावला. आत बारीक, सतत, सापाच्या फुत्कारासारखा आवाज होता. ताई कान काढून उभी राहिली.

“वारा असेल,” ती म्हणाली. “छपराचे पत्रे वाजतात.”

“वारा जमिनीखाली कुठून येईल? अगं, टिकावाचे दहा घाव घातले की झालं.”

“दाणा भरतोय आत्ता. या दिवसांत इथे माती हलली तर आठ वर्षं मातीत गेली माझी. पीक निघेपर्यंत थांब, मग खुशाल विहीर खण.”

भाऊ डोकं खाजवत परत गेला. साहेबाला त्याने थाप मारली, गळती अजून सापडली नाही म्हणून. ताईसाठी एवढं कोण करतं?

तिकडे वस्तीत टँकर येऊ लागले आणि टँकरभोवती माणसं माणसांना फाडू लागली. एकाने दुसऱ्याच्या तोंडावर रिकामी बादली हाणली, दात रस्त्यावर पडले, आणि ते दात तुडवत मागचे पुढे घुसले. एका म्हाताऱ्याचा पाय टँकरच्या चाकाखाली गेला, तरी कुणी रांग सोडली नाही. चौथ्या दिवशी प्लंबरच्या बायकोला कुणीतरी केसांना धरून टँकरच्या नळावर आपटलं. कपाळ फुटलं. हंडा मात्र तिने सोडला नव्हता, त्यातलं पाणी लाल झालं होतं.

बायकोला टाके घालून आणले आणि भावाने टिकाव उचलला. वस्तीतली चार माणसंही त्याच्या मागोमाग निघाली.

गहूबाई तेव्हा शेतातच होती, मेलेल्या ओळी कापत. भावाला पाहून ती धावत कोपऱ्यात गेली आणि हट्टीसमोर आडवी उभी राहिली.

“बाजूला हो ताई.”

“आठ दिवस दे.”

“तुझ्या भावजयीचं कपाळ बघितलंस का? आठ दिवसांत मुडदे पडतील तिथे!”

“इथे नाहीये गळती! तुला सांगितलं ना, नाहीये!”

त्याने खांद्याला धरून तिला बाजूला सारलं आणि टिकाव वर नेला. तिचा हात सुटला. हातात विळा होता, दिवसभर मेलेलं कापून सरावलेला. तो भावाच्या उजव्या मनगटात हाडापर्यंत रुतला. टिकाव खाली पडला. भावाने मनगटाकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि लहानपणी पडल्यावर मारायचा तशी हाक मारली, “ताई!”

मग काय, त्या चौघांच्या डोळ्यांत रक्त उतरलं. एकाने तिच्या कानशिलात अशी लगावली की ती ओळींवर आडवी झाली. दुसऱ्याने पोटात लाथ घातली. तिसरा छपराच्या खांबावर पहारीने घाव घालत सुटला. “मारू नका तिला!” भाऊ ओरडत होता, मनगट पोटाशी दाबून. “आधी खणा! कोपऱ्यात खणा!”

त्यांनी खणलं. हातभर खाली ओली माती लागली, मग चिखल, मग पाइप. आधी नुसता झिरपणारा पाइपचा सांधा आता पार उघडला होता, त्यातून पाण्याची चिळकांडी उडत होती आणि सांध्याभोवती हट्टीची पांढरी मुळं न्हाणीत अडकलेल्या केसांसारखी गच्च गुंडाळली होती. हट्टी कसली नि तग धरणं कसलं! दोन वर्षं बयेने वस्तीच्या तोंडचं पाणी ढोसलं होतं.

गहूबाई चिखलात रांगत आली. तिने ओळ मुळासकट उपटली, ओंब्या मुठीत चुरडल्या, उरलेल्या पायांनी तुडवल्या आणि घसा फुटेपर्यंत किंचाळली. कुणी तिला थांबवलं नाही. भाऊ चिखलात बसून डाव्या हाताने दाखवत होता, क्लॅम्प असा लाव, बोल्ट आवळ, अजून आवळ. पाणी थांबल्यावरच त्याची शुद्ध हरपली.

दवाखान्यात डॉक्टरांनी मनगट शिवलं आणि सांगितलं की शिरा तुटल्यात, या हाताची बोटं आता मिटायची नाहीत, पाना धरणं विसरा. गहूबाई खाटेशी बसली होती, एक डोळा सुजून बंद झालेला. भावजय कपाळावर पट्टी बांधून दारातच थांबली होती. ती आत यायला तयार नव्हती.

“हिचं तोंडही बघायचं नाही मला,” भावजय म्हणाली.

“असं नको बोलू गं,” भाऊ म्हणाला. एवढ्या दुखण्यातही हसायचा प्रयत्न करत होता बिचारा. नळाला पाणी आलं होतं ना! “तिचा काय दोष? मी तिला गज लावून ऐकवलं होतं, पण तिला सवय कुठे आहे? तिला वाराच वाटला. माझंच चुकलं, मी नीट समजावून सांगायला हवं होतं.” आणि त्याने चांगला हात ताईच्या हातावर ठेवला.

गप्प बसली असती तर भाऊ राहिला असता तिचा. जन्मभर त्याने तिचीच बाजू घेतली असती. पण त्याच्या त्या हाताचं ओझं तिला सोसवेना.

“मला ऐकू आलं होतं,” ती म्हणाली. “पहिल्याच दिवशी.”

 भावाने तिच्या हातावरचा आपला हात काढून घेतला आणि बायकोला आत बोलावलं.