बोळक्यांना दूध

"चाळीस वर्षं लोकांच्या तोंडात दात बसवले, आता झाडाला दात यायची वाट बघतोय," असं कवळीवाले येईल त्याला सांगत. दातांच्या दवाखान्यांना कवळ्या करून देण्यात त्यांचा जन्म गेला होता, तेव्हा हा विनोद करायचा हक्क त्यांचाच. त्यांची बायको, जिला सगळे नुसतं बाई म्हणत, दर वेळी नव्यानं हसायची. नवरा कशाची तरी वाट बघतोय, एवढंच तिला पुरेसं होतं.

तीन वर्षांपूर्वी त्यांच्या मूत्रपिंडांनी हात टेकले होते. तेव्हापासून आठवड्यातून तीनदा डायलिसिस, दर वेळी चार तास. घरी आले की भिंतीकडे तोंड करून पडायचे. पायात गोळे यायचे, आणि दिवसाचं पाणी ठरलेलं असल्यामुळे घोटभर जास्त मागायचीही चोरी. आता हृदयही कुरकुरायला लागलं होतं. एका दुपारी त्यांनी शांतपणे सांगून टाकलं.

"आता पुरे झालं. डॉक्टरांशी बोललोय मी. थांबवलं तर फार त्रास होणार नाही असं बघतील ते. पण तू हो म्हटल्याशिवाय मी थांबायचा नाही."

बाई हो म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही. ती उठली, फ्रिज उघडून एक छोटं पाकीट घेऊन आली. भाचीनं तिच्याकडच्या माशीखाऊ झाडाचं बी पाठवलं होतं, ते महिनाभर तिथं पडून होतं.

"हे उगवेपर्यंत तरी डायलिसिसला जा," ती म्हणाली. "मला एकटीला नाही जमायचं हे."

कवळीवाल्यांनी चष्मा मागितला.

बी खसखशीएवढं, काळं, चकचकीत. कवळीचं मेण कोरायच्या हत्याराच्या टोकानं एकेक दाणा उचलून त्यांनी तो ओल्या मातीवर नुसता टेकवला. पुरायचं नाही, असं भाचीनं बजावलं होतं. माती निःसत्त्व हवी, खताचा कण नको, आणि नळाचं पाणी अजिबात नको, त्यातल्या क्षारांनी मुळं जळतात. मशीनसाठी शुद्ध केलेलं पाणी डायलिसिसच्या सिस्टरांनी एका कॅनमध्ये भरून दिलं. "काकू, तुमच्या घरात आता दोन पेशंट झाले," त्या म्हणाल्या.

पाचव्या आठवड्यात हिरवे ठिपके दिसले. मोजून अकरा. मग ठिपक्यांना पानं फुटली आणि पानांच्या टोकांना माशी पकडायचे जबडे, तांदळाच्या कणीहून लहान. कवळीवाल्यांनी भिंगातून पाहून निकाल दिला, "हे कसले दात! बोळकी आहेत बोळकी." तेव्हापासून ती बोळकीच झाली.

"दात नीट येईपर्यंत जा," बाई म्हणाली.

"अगं, पुरी वाढायला चार वर्षं लागतात त्यांना."

"लागू देत. आपल्याला कुठं गाडी पकडायचीय?"

ते जात राहिले. तीन महिने गेले. एकदा मशीनवर त्यांचं ब्लडप्रेशर घसरलं आणि त्यांना दोघांनी धरून घरी आणावं लागलं. बाईनं त्यांना निजवलं, पांघरूण घातलं, आणि लगेच ती कुंडीकडे धावली. बोळकी होती तेवढीच. इतकी चिमुकली, इतकी फिकी. ही गेली तर हे मशीनवर कशासाठी जातील?

बाईला माया करायची एकच रीत ठाऊक होती, आणि ती म्हणजे खाऊ घालणं. गेली तीन वर्षं मूत्रपिंडांच्या पथ्यानं ती रीतच तिच्याकडून काढून घेतलेली. भाजी उकळायची आणि सगळं सत्त्व असलेलं पाणी मोरीत ओतायचं, मीठ चिमटीनं, फळ नाही, दूध नाही. नवऱ्याला उपाशी ठेवून जगवायचं, आणि आता झाडालाही तसंच? झाड तर खाणारं होतं! तिनं दूध कोमट केलं, काडीच्या टोकानं प्रत्येक बोळक्याला थेंब पाजला, आणि उरलेलं मुळाशी ओतलं. दोन दिवस असंच केलं. वर ओल टिकवायला घातलेलं प्लॅस्टिकचं झाकण होतंच.

चौथ्या दिवशी मातीवर पांढरी बुरशी चढली. बाईनं कापसानं पुसली, कुंडीखालच्या ताटलीतलं पाणी बदललं, भाचीला फोन करायला घेतला आणि ठेवून दिला. सहाव्या दिवशी अकराच्या अकरा काळी पडून आडवी झाली होती. तिनं कुंडी मोरीत लपवून ठेवली आणि कवळीवाल्यांनी कुंडीबद्दल विचारलं की "खिडकीची काच पुसायचीय", "ऊन लागतंय", काय वाट्टेल ते सांगत राहिली. तिला धड थापही मारता येत नव्हती.

शेवटी तिच्यानंच राहवेना. ती त्यांच्या पलंगाच्या कडेला बसली.

"अहो, बोळकी गेली. मी मारली. दूध घातलं मी त्यांना."

"दूध?" कवळीवाले म्हणाले. "मला तीन वर्षांत थेंब दाखवला नाहीस, आणि त्यांना दूध?"

बाई हसली आणि हसता हसता तिचा बांध फुटला. ते तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. सुयांनी गाठी झालेला तो हात तिला फार जड वाटला.

"मला ठाऊक होतं," ते म्हणाले. "आंबट वास सुटला होता घरभर. परवा तू झोपलीस तेव्हा बघून आलो मोरीत."

"परवा?" बाईनं मान वर केली. "मग काल मशीनवर कशाला गेलात?"

"तू बॅग भरून ठेवली होतीस."

त्यांनी काही मागितलं नाही, काही सुचवलं नाही. भाचीकडे अजून बी असेल, असं बाईच्या अगदी ओठावर आलं होतं. विचारलं असतं तर ते पुन्हा चष्मा मागून पेरायला बसले असते, हे तिला आता पक्कं कळलं. झाडासाठी हा माणूस एक दिवसही मशीनवर गेला नव्हता.

तिनं त्यांच्या समोरच फोन लावला.

"सिस्टर, यांची उद्याची आठची वेळ आहे ना, ते येणार नाहीत."

"बरं नाही का काकांना? परवाची देऊ का?"

बाईनं नवऱ्याकडे पाहिलं. त्यांनी तिचं मनगट धरलं होतं आणि ते रडत होते. इतक्या वर्षांत तिनं त्यांना रडताना पाहिलं नव्हतं.

"नको," ती म्हणाली. "कुणीतरी रांगेत असेल, त्यांना देऊन टाका ती."

"उद्यापुरतीच ना, काकू?"

"नाही," बाई म्हणाली. "कायमची."